एका गावच्या दोघी

रविवार, ता. ७

उद्यापासून मला नोकरी. हसायचं काम नाही. आठवडाभराची का असेना, नोकरी ती नोकरी.

इथल्या विद्यापीठात एक कार्यालय आहे. दुसऱ्या देशांतली पोरं सहा महिन्यांसाठी इथं शिकायला येतात, इथली तिकडे जातात. त्या अदलाबदलीचं सगळं हे कार्यालय बघतं. तिथला कारकून जिन्यावरून घसरला आणि पाय मोडून घेतला, तोही नेमका पोरं यायच्या तोंडावर. बरं, दाखल कुठे व्हावा, तर हिच्याच वॉर्डात! आमची ही सिस्टर. सलाईन लावता लावता पेशंटच्या सात पिढ्यांची चौकशी करणारी. तिनं त्याला सांगून टाकलं, "आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य वसतिगृहाचे रेक्टर म्हणून गेलंय." झालं. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं. मला न विचारता वशिला कसा लावलास म्हणून मी आवाज चढवला, तर म्हणते, "घरात बसून भिंतींशी बोलता, त्यापेक्षा पोरांशी बोला."

मी भिंतींशी बोलत नाही. मनाशी बोलतो.

आता लिहायलाच बसलोय तर खरं ते लिहितो. मला इथं राहायचं नाही. हिला या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि हिच्या मागोमाग आलो. आलो तेव्हा हौस होती. आता आठ महिने झाले. तिकडे मी रस्त्यानं निघालो की चार जण तरी "काय सर, कुठं निघालात?" म्हणून अडवायचे. इथं मला अजून एकानंही हाक मारलेली नाही. बसमध्ये शेजारी बसलेला माणूससुद्धा बॅगेकडे बघत बसतो. ठरवून टाकलंय. हा आठवडा काढायचा आणि पुढच्या रविवारी हिला सांगायचं की मी परत चाललो, तू तुझी मुदत पुरी करून ये. हिला वाईट वाटेल. पण हिचं इथं छान चाललंय, वॉर्डात सगळे हिच्या नावानं हाका मारत असतात. मी नसलो तरी हिचं अडणार नाही.

सोमवार, ता. ८

पाय म्हणजे नुसते दगड झालेत.

सकाळी आठला पोहोचलो तर कॉरिडॉरभर बॅगा. बॅगांमध्ये पोरं झोपलेली. कार्यालयाच्या प्रमुख एक बाई आहेत, उंच, केस पांढरे, चालतात अशा की मागून पळावं लागतं. त्यांनी माझ्या हातात किल्ल्यांची पेटी दिली, एक लाकडी खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, "चादर, उशी, किल्ली, नकाशा. हसून द्या." सगळा कारभार एवढ्याच वाक्यात समजावून दिला. बाकी जे काय बोलणं झालं ते मी इथं मराठीत लिहितो आहे म्हणून भारदस्त वाटतंय. प्रत्यक्षात माझं निम्मं बोलणं हातवाऱ्यांनीच होतं.

पण काय सांगू, मजा आली. एका पोरानं चादर घेतली आणि किल्ली विसरला. परत आला, किल्ली घेतली आणि चादर ठेवून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी उठूनच उभा राहिलो. पोरं कुठलीही असोत, पहिल्या दिवशी सगळ्यांचे चेहरे सारखेच. आईनं शाळेच्या दारात सोडून दिल्यासारखे.

दुपारी बाईंनी सांगितलं की एक मुलगी येणार नाही, तिची जागा रिकामी झाली आहे, खोल्यांची जुळवाजुळव तुम्हीच करून टाका. आता इथला नियम असा की एका खोलीत दोन देशांच्या दोघी. म्हणजे ओळखी वाढतात म्हणे. वाढतात, कबूल. पण परक्या जागी पहिले पंधरा दिवस कसे जातात हे मला कुणी शिकवायला नको. यादीत बघतो तर दोघी एका देशाच्या, एका गावच्या, कॉलेजसुद्धा एक. आणि एक पहिल्या मजल्यावर, दुसरी चौथ्यावर! मी दोघींना एका खोलीत घातलं आणि एकीची उरलेली जोडीदारीण दुसऱ्या एका एकटीकडे दिली. आमच्या वसतिगृहात जूनमध्ये मी हेच करायचो, एका गावची पोरं एका खोलीत. रडली तर एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, पण पळून जात नाहीत. बाईंना सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर खूशच झाल्या असत्या.

ही आज उशिरा आली. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांशी काहीतरी बोलायचं होतं म्हणाली. काय बोलायचं होतं ते सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. जेवताना मध्येच म्हणते, "तिकडच्या घराची किल्ली शेजारच्या काकूंकडेच आहे ना?" म्हटलं, आहे की. किल्ल्यांचा मला आज उबग आलाय, निदान ताटावर तरी किल्ली नको.

मंगळवार, ता. ९

आज दम खायला फुरसत नव्हती. डॉक्टरी तपासणीची रांग, ओळखपत्राच्या फोटोची रांग, आणि कुठली रांग कशाची आहे हे विचारायला माझ्यासमोर तिसरी रांग. किल्ली-चादरवाला आज स्वतःच्या खोलीबाहेर अडकला. किल्ली आत.

एक मुलगी मात्र सकाळपासून कॉरिडॉरमध्ये आपल्या बॅगेवर बसून होती. खोली मिळालेली, तरी बॅग घेऊन बाहेर. मी तिचं नाव बॅगवाली ठेवलं. "काही हवंय का?" विचारलं तर मान हलवली. मी पाणी नेऊन दिलं, ते प्यायली.

हिनं भाषेच्या वर्गात पुढच्या सहामाहीसाठी नाव घातलेलं नाही. मी म्हटलं, आता कुठं बोलायला लागलीस आणि आता आळस? नुसती हसली. दमत असेल बिचारी.

बुधवार, ता. १०

आज माझी पाचावर धारण बसली.

बॅगवाली दहा वाजता काउंटरवर आली आणि म्हणाली, मला परत जायचंय. बाईंनी सांगितलं की शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नाव मागं घेता येतं. तोवर गेलीस तर तिकडच्या कॉलेजात पुन्हा बसता येईल. बारानंतर गेलीस तर वर्ष बुडालं. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बोला हिच्याशी. तुम्हाला अनुभव आहे."

मी तिला मागच्या अंगणात नेलं, सायकली ठेवतात तिथं. तिला ही भाषा मोडकीतोडकी येते, माझी तिच्याहून मोडकी, त्यामुळे आमचं झकास जमलं. मी सुरुवातीला आमच्या रेक्टरी थाटात म्हटलं, "घरची आठवण येते का?"

"नाही."

"जेवण?"

"जेवण चांगलं आहे."

"मग खोलीत कुणी त्रास देतं का?"

ती सायकलींकडे बघायला लागली. मग जे सांगितलं ते असं. तिचे वडील एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर. साहेबांच्या बंगल्यामागच्या खोलीत हे कुटुंब राहतं. साहेबांची मुलगी हिच्याच वयाची. लहानपणापासून तिचे लहान झालेले कपडे हिनं घातले, तिची जुनी पुस्तकं हिनं वाचली. कॉलेजात गुणांवर निवड होऊन ही इकडे आली. साहेबांची मुलगीही आली. हिला वाटलं, येऊ दे, तिथं कोण बघतंय, मजले वेगळे, वर्ग वेगळे. सोमवारी हिनं खोलीचं दार उघडलं तर पलंगावर ती!

"ती काही वाईट बोलली का?" मी विचारलं.

"नाही. ती चांगली आहे. मला बघून तिला आनंद झाला. म्हणाली, बरं झालं आलीस, माझी बॅग जरा कपाटावर ठेव ना." पोरगी आपल्या हातांकडे बघत होती. "आणि मी ठेवली. तिनं हुकूम नव्हता केला. माझे हात आपोआप गेले. इतक्या लांब आले आणि माझे हात आपोआप गेले."

त्या दोघींना एकत्र मीच घातलं होतं, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. हे मी तिला सांगितलं नाही.

शेवटी म्हटलं, "परत जाऊन काय करशील?"

"तिथं निदान मी कोण आहे हे सगळ्यांना माहीत आहे."

पोरगी चुकत होती, मला लख्ख दिसत होतं. मी तिला चांगलं समजावलं. म्हटलं, अगं, इथं तुला कुणी ओळखत नाही हीच तर तुझी सोय आहे. दार लावून आत बसलीस तर कोण येणार तुला हाक मारायला? तू आपण होऊन एकाला तरी हाक मार, मग बघ. आणि येऊन दोन दिवस झाले नाहीत तर माणसानं असं गाशा गुंडाळून निघायचं का? जागा अंगवळणी पडायला वेळ द्यावा लागतो. असं मुद्देसूद बोललो की माझं मलाच कौतुक वाटलं. तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं, मी पोरीला काय काय समजावलं तेही. ही भाजी चिरत होती. हसायलाच लागली. "काय झालं?" म्हटलं. "काही नाही," म्हणते, "बरोबर सांगितलंत." आणि पुन्हा हसली. मग एकदम पाठमोरी होऊन भांडी लावत राहिली. ही मधूनच अशी का करते कळत नाही.

गुरुवार, ता. ११

सकाळी कार्यालय उघडायच्या आधी मुलींच्या वसतिगृहात गेलो. म्हटलं, दोन खोल्यांत अदलाबदल करून टाकू, कुणाला पत्ता लागणार नाही. कसलं काय! एवढ्यात सगळ्यांचे संसार थाटून झालेत. एका खोलीत भिंतीवर फोटो लागलेत, दुसरीत दोघींनी मिळून कुंडी आणली आहे. मी तोंड उघडलं की "का? आम्ही काय केलं?" एक तर रडायलाच लागली. हात जोडले आणि खाली आलो.

मग बाईंसमोर उभा राहिलो. सांगून टाकलं की ती जोडी माझी. नियम मोडून मी लावली, मला वाटलं गावची माणसं म्हणजे आधार. बाई रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं. म्हणाल्या, "माझा नियम ओळखी वाढवण्यासाठी आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? काही मुलं इथं येतात ती ओळखीपासून सुटायला. कोणतं मूल कशासाठी आलंय हे आपल्याला कळत नाही, म्हणून नियम." आमच्या वसतिगृहात पोरं पळून गेली तर माझी झोप उडायची. इथं कुणी सुटून आलेलंही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग त्यांनी सांगितलं की मुलींच्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर एक लहान खोली आहे, जुन्या सामानाची. ती आज संध्याकाळपर्यंत रिकामी केलीत तर उद्या सकाळी वायरमन येऊन बघेल आणि देता येईल. वर हेही म्हणाल्या की कारकुनाचा पाय लवकर बरा होत नाहीये, तुम्ही ही सहामाही राहाल का? मी म्हटलं, "विचार करून सांगतो." आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते काय सांगायला हवं! पण बाईंनी लगेच भिंतीवरच्या तक्त्यावर माझं नाव लिहून टाकलं. पुसा कसं म्हणणार?

हिला फोन केला तर ड्युटी संपवून तशीच आली, युनिफॉर्मवर. नको म्हटलं तरी आली. खोली उघडली आणि दोघंही खोकत बाहेर. आजवर जाणाऱ्या प्रत्येकानं आपलं काही ना काही तिथं टाकून दिलेलं. किटल्या, इस्त्र्या, छत्र्या, उशांचा तर डोंगर, आणि एक भलं मोठं ढोलकं, जे कुणी आणलं आणि कुणी वाजवलं देव जाणे. हिनं डोक्याला रुमाल बांधला आणि कामाला लागली. मी वाकलो की "कंबर!" म्हणून ओरडायची. ढोलकं उतरवताना ते जिन्यात सुटलं आणि तीन मजले गडगडत गेलं. सगळं वसतिगृह बाहेर आलं. ही पायरीवर बसून पोट धरून हसली. कित्येक महिन्यांत तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

खिडकी पुसताना म्हणाली, "त्या पोरीनं राहावं म्हणून एवढी धडपड का करताय तुम्ही?"

"माझी चूक आहे म्हणून."

"एवढंच?"

"मग आणखी काय?"

ती काच पुसतच राहिली. पुसून झालेली काच पुन्हा पुसली. म्हणाली, "कुणाला भरीला घालून ठेवू नये हो. राहायचं तर त्याच्या मनानं राहावं. नाहीतर मग आपणच त्याच्याबरोबर जावं." पोरीबरोबर कोण जाणार आहे, म्हटलं, तिचे वडील तिकडे ड्रायव्हर आहेत. तिनं डोळे पुसले. धूळ फार होती त्या खोलीत.

शुक्रवार, ता. १२

वायरमन आला, बटणं दाबून बघितली, हो म्हणाला. मी बॅगवालीला वर घेऊन गेलो. लहानशी खोली. एक पलंग, एक टेबल, खिडकीतून सायकली दिसतात. ती दारातच उभी राहिली. "इथं कोण?" म्हणाली.

"तू एकटी."

आत जाऊन तिनं पलंगावर हात ठेवला. मला राहवेना. म्हटलं, "पोरी, तुम्हा दोघींना एका खोलीत मी घातलं होतं. मला वाटलं, गावचं माणूस असलं की जीव रमतो."

ती रागावली नाही. मलाच विचारलं, "तुम्हाला इथं गावचं कुणी नाही?"

"बायको आहे."

"मग तुमचा जीव रमला?"

छान रमला म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण पोरगी डोळ्यांत बघत होती. म्हटलं, "नाही. आठ महिने झाले. अजून कुणी हाक मारत नाही."

"तुम्ही कुणाला मारली?"

माझीच गोळी माझ्यावर! म्हटलं, चल खाली, रांग वाढली असेल. ती म्हणाली, मी विचार करते.

आणि रांग खरंच वाढली होती. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. माझं अर्धं लक्ष दाराकडे, कुणाला नकाशाऐवजी उशी दिली. बाईही दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या. मग ती आली, रांगेतनं, आपला नंबर लागेपर्यंत थांबून. मागं पाचसहा जण. काउंटरवर दोन्ही हात टेकवून म्हणाली, "सर, मी राहिले तर तुम्ही इथं असाल? पूर्ण सहामाही?"

"मी कशाला हवाय?"

"मी कुणाची कोण हे माहीत नसताना तुम्ही मला पाणी आणून दिलंत. इथं मला आधी ओळखणारे तुम्ही. नंतर बाकीचे होतील. पण पहिलं कुणीतरी लागतं. असाल ना?"

"आहे," मी म्हटलं.

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. पण तोवर ती वळली होती. बाई आपल्या दारात उभ्या होत्या, त्यांनी घड्याळ बघितलं आणि आत गेल्या. माझ्यासमोर पुढचा पोरगा. किल्ली-चादरवालाच, पुन्हा किल्ली आत. "सर," म्हणाला. आज तो मला सर म्हणाला, की रोजच म्हणत होता आणि माझं लक्ष नव्हतं?

साहेबांची मुलगी दुपारी येऊन फुगून बसली. मला एकटीला झोप येत नाही म्हणे. तिच्या खोलीत बाईंनी सोमवारपासून दुसऱ्या देशाची एक मुलगी द्यायचं ठरवलंय. होईल तिचंही.

घरी आलो तर ही रात्रपाळीला निघून गेलेली. जेवण झाकून ठेवलेलं. शब्द देऊन बसलोय. आता हिला सांगू तरी काय?

शनिवार, ता. १३

सांगितलं. उद्याची वाट बघवेना.

ती झोपून उठली होती, खिडकीशी चहा घेऊन बसली होती. मी म्हटलं, "ऐक, मी एका पोरीला शब्द दिलाय."

"कसला?"

"सहा महिने इथं राहीन म्हणून."

तिनं कप खाली ठेवला. "म्हणजे जाणार होतात."

"तुला कसं कळलं?"

"अहो, आल्यावर तुम्ही आठवडाभराची भाजी आणायचात. गेले तीन महिने एका दिवसाची आणता. माणूस उद्यावर भरवसा ठेवत नाही तेव्हा असं करतो. मी वॉर्डात रोज बघते." मग एकदम तिचा आवाज फुटला. "माझ्यासाठी नाही राहिलात. त्या परक्या पोरीसाठी राहिलात!"

खरं होतं. मी म्हटलं, "तुझं माझ्यावाचून अडत नव्हतं ना. तिचं अडलं होतं."

"माझं अडत नव्हतं?" ती उभी राहिली. "सोमवारी मी मोठ्या सिस्टरांना सांगून आले, मुदत वाढवून नको, ही संपली की मी चालले. दोन महिन्यांत. तुमच्याबरोबर जायचं म्हणून. आणि तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या नोकरीसाठी मन मारून राहिला असतात. मला तसं नको होतं."

किल्ली, भाषेचा वर्ग, पुन्हा पुन्हा पुसलेली काच. आठवडाभर सगळं माझ्यासमोर चाललं होतं आणि मी तिला आळशी म्हणत होतो. एवढी हौसेनं मिळवलेली नोकरी ती माझ्यापायी सोडून आली होती, आणि मी तिच्यावाचून एकटाच निघालो होतो. मला रडू आलं. लपवलं नाही.

"मोठ्या सिस्टर परत घेतील?" मी विचारलं.

"माहीत नाही. जागा कुणाला देऊन टाकली नसेल तर घेतील. सोमवारी जाऊन विचारते. नाहीतर दुसरं हॉस्पिटल बघू." मग माझ्याकडे बघत राहिली. "पण आधी मला सांगा."

"काय?"

"तिला सांगितलंत ते."

"सांगितलं की आत्ता."

"तिला सांगितलंत. मला नाही सांगितलंत."

काउंटरवर पाचसहा जण मागं उभे होते, तिथं फटकन निघून गेलं होतं तोंडातून. इथं मागं कुणी नव्हतं तर मी तिचा कप उगाच इकडून तिकडे सरकवत राहिलो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं समोरासमोर उभं राहून हिला काही सांगितल्याचं मला आठवत नाही. शेवटी म्हटलं, "आहे."

"ऐकू नाही आलं."

"आहे म्हटलं ना. मी आहे."

तिनं नाक पुसलं आणि खाली बसली. म्हणाली, चहा गार झाला, आता तुम्ही करा. मी करायला उठलो. खिडकीकडून तिचा आवाज येत होता, सोमवारी मोठ्या सिस्टरांसमोर काय बोलायचं ते ती मोठ्यानं म्हणून बघत होती, त्यांच्या भाषेत, अडखळत, आणि मध्येच मला विचारत होती, "अहो, 'नवरा राहतोय' कसं म्हणायचं?"